चिंचवड, देहू आणि टिळकांचा ‘देवाचा दरबार’

इ. स. १९१७ मध्यें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनाचा त्याग केला, आपण संन्यास घेतल्याचें जाहीर केलें, आणि सातारा येथें राहून ‘देवाचा दरबार’ या नांवानें एक निराळी मंडळी उभारण्याचा उद्योग आरंभिला. त्या वेळीं त्यांचें वय ५५ वर्षांचें होतें. ख्रिस्ती दीक्षेस २२ वर्षें आणि पाळकदीक्षेस १३ वर्षें लोटलीं होतीं. ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे ते संपादक होते, अहमदनगरच्या धर्मशिक्षणशाळेंत त्यांनीं उपदेशकांस शिकविलें होतें, त्यांचीं पदें मराठी ख्रिस्ती उपासनेंत जिकडे तिकडे गाइलीं जात होतीं. धर्ममंडळाच्या पुढाऱ्यास जें जें मिळावयाचें तें मिळून चुकल्यावर या गृहस्थानें तें खालीं कां ठेविलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें सामान्यतः ऐकूं येतात. पहिलें असें कीं, परदेशी मिशनऱ्यांशीं पटेना म्हणून टिळक बाहेर पडले. दुसरें असें कीं, तो काळ होमरूलच्या चळवळीचा. स्वराज्याचें वारें धर्ममंडळांतही शिरलें आणि त्याचा हा परिणाम. दोहोंत थोडें थोडें तथ्य आहे. टिळक कडवे देशाभिमानी होते, आणि परक्यांच्या पैशावर व परक्यांच्या शिस्तीनें चालणारी मंडळी त्यांस सलत असे. परंतु भांडून निघालेला मनुष्य ज्याच्याशीं भांडला त्याचें पत्र चालवीत बसत नाहीं. ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचें संपादकत्व टिळकांकडे १९१२ सालीं आलें आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला तोंपर्यंत तें त्यांच्याकडेच राहिलें. वेतनाचा संबंध तुटला. कामाचा व स्नेहाचा तुटला नाहीं. कलहाच्या उपपत्तीस ही एक गोष्ट पुरेशी बाधक आहे. होमरूलच्या वाऱ्यानें ‘१९१७च कां’ याचें उत्तर कदाचित् मिळेल, परंतु ‘संन्यासच कां’ याचें मिळत नाहीं. राजकीय उमाळ्यानें मनुष्य सभा भरवितो, वर्गणी गोळा करतो. वर्षानुवर्षें मिळत आलेला मुशाहिरा सोडून भजन करीत बसत नाहीं.

माझ्या मतें या त्यागाचें मूळ इंद्रायणीच्या कांठीं शोधिलें पाहिजे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं पोंचलों, अशा अर्थाचे उद्गार टिळकांनीं काढले होते व ते त्यांच्या चरित्रकारानें नमूद केले आहेत. पुष्कळ लेखक हा उद्गार एक सुंदर उपमा म्हणून सांगतात आणि पुढें जातात. मला तो शब्दशः घ्यावासा वाटतो. पुलावरून जो जातो तो दुसऱ्या तीरावर पोंचतो खरा, पण पहिल्या तीरावर जें वजन-माप शिकला तेंच तो बरोबर नेतो. धर्मपुढारी कसा असावा याचें जें माप देहूनें टिळकांस दिलें, त्यानेंच त्यांनीं पुढें स्वतःस मोजिलें, असें मला म्हणावयाचें आहे.

त्यासाठीं वाचकांनीं क्षणभर पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांमधील मुलूख डोळ्यांपुढें आणावा. आज तेथें पिंपरी-चिंचवडचें महानगर पसरलें आहे, आणि नाशिकची सडक मोशीपाशीं इंद्रायणी ओलांडून चाकणच्या कारखान्यांकडे जाते. पवनेच्या कांठीं चिंचवड, इंद्रायणीच्या कांठीं देहू व आळंदी; सारा प्रदेश थोड्या कोसांचा. पण धर्मपुढाऱ्याचे दोन अगदीं भिन्न नमुने या थोड्या कोसांत शेजारीं शेजारीं नांदले, आणि दोहोंचा संबंध आपल्या आवडत्या वस्तूशीं, म्हणजे कागदाशीं, येतो.

चिंचवडचा नमुना सनदेचा. मोरया गोसावी यांनीं तेथें समाधि घेतली. त्यांचे पुत्र चिंतामणि यांच्यापासून पुढें वंशास ‘देव’ हें उपपद चाललें. साधकाची तपश्चर्या मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे वारशानें उतरते, अशी भाविकांची समजूत झाली, आणि त्या समजुतीबरोबर इनामेंही उतरत गेलीं. मुसलमानी अमलापासून पेशवाईपर्यंत निरनिराळ्या सत्तांनीं या संस्थानास सनदा दिल्या, आणि त्या जपल्या गेल्यामुळेंच चिंचवडचा इतिहास लिहितां येतो. कप्तान एडवर्ड मूर यानें १८०१ सालीं ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडांत या वंशपरंपरागत देवत्वाची हकीकत छापली, मारिया ग्रॅहम ही इंग्रज बाई १८०९ सालीं चिंचवडास गेली आणि तिनेंही आपल्या प्रवासवृत्तांत त्या देवांचें वर्णन केलें. दोघांसही नवल वाटलें तें एकाच गोष्टीचें: पावित्र्य वंशानें चालावें याचें. आपणांस त्यांत नवल नाहीं. वृत्ति वंशानें चालत असेल तर वृत्तीचें कारणही वंशानें चालतें असें धरावेंच लागतें, एरव्हीं सनद टिकणार कशी?

देहूचा नमुना याच्या उलट. दुष्काळांत घर बुडाल्यानंतर तुकोबांनीं घरांतील कर्जखतें काढलीं, निम्मीं धाकटा भाऊ कान्होबा यास दिलीं, आणि आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं, अशी कथा आहे. ती महिपतीनें सांगितली आहे. महिपतीचा ‘भक्तविजय’ शके १६८४ चा आणि ‘भक्तलीलामृत’ शके १६९६ चें. म्हणजे तुकोबांच्या प्रयाणानंतर शंभराहून अधिक वर्षांचें अंतर पडतें. कडक संशोधक येथें शंका घेईल आणि ती घेण्याचा त्यास अधिकार आहे. परंतु कथेंत एक बारकावा असा आहे कीं, तो कल्पनेनें सुचण्यासारखा नाहीं. तुकोबांनीं भावाचीं खतें बुडविलीं नाहींत. आपल्या हक्काचीं तेवढीं बुडविलीं. केवळ चमत्कार वाढविणारा कवि सगळाच गठ्ठा पाण्यांत टाकवितो. वांटणी करून मग टाकणें हें वाण्याच्या घरचें आहे, आणि तें खरें वाटतें. खत बुडविणें म्हणजे दुसऱ्यावरचा आपला कायदेशीर दावा बुडविणें. उपदेशकाचें तोंड मोकळें व्हावयाचें तर ज्यास उपदेश करावयाचा त्याजवर आपलें येणें नसावें, हा त्यांतील व्यवहार आहे.

महिपतीनेंच आणखी एक गोष्ट दिली आहे: चिंचवडच्या चिंतामणि देवांनीं तुकोबांस भोजनास बोलाविलें, आणि तुकोबांनीं गणपति व विठ्ठल यांच्यासाठीं पानें मांडावयास लाविलीं. तिचा ऐतिहासिक भाग कितीही थोडा असो. सनदेचा गृहस्थ आणि खतें बुडविणारा गृहस्थ यांस एका पंक्तीस बसवावें असें महिपतीस वाटलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शिवाय देहूही कायमची देहू राहिली नाहीं. तुकोबांचे पुत्र नारायणबोवा यांनीं पालखीचा सोहळा सुरू केला, तो परंपरेनें १६८५ पासून धरतात. आणि त्यांस छत्रपतींच्या घराण्याकडून इनाम मिळालें. बापानें खतें बुडविलीं, मुलानें सनद घेतली. यांत मुलाची निंदा नाहीं. सनद नसती तर पालखी चालली असती कीं नाहीं, कोणीं सांगावें? परंतु पहिल्या पिढीचा त्याग आणि दुसऱ्या पिढीची व्यवस्था हा क्रम ध्यानांत ठेवून आतां टिळकांकडे वळूं.

टिळकांपूर्वीं ख्रिस्ती मिशनऱ्यांस तुकाराम ठाऊक नव्हते असें नाहीं. स्कॉटिश मिशनचे मरे मिचेल यांनीं १८४९ मध्येंच मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत तुकोबांवर लिहिलें होतें. शंकर पांडुरंग पंडितांनीं सरकारी साहाय्यानें गाथेची आवृत्ति १८६९ ते १८७३ या काळांत काढली, ती तर आपणां सर्वांच्या संग्रहीं आहे. पुढें अमेरिकन मराठी मिशनचेच जस्टिन ॲबट यांनीं महिपतीचीं भाषांतरें हातीं घेतलीं व मृत्यूपर्यंत तें काम चालविलें. या सर्वांचें ऋण मोठें आहे. तथापि त्यांच्या दृष्टीनें तुकाराम हा अभ्यासाचा विषय होता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेल्या आणि संस्कृत पाठांबरोबर ओव्या-अभंग ऐकत वाढलेल्या टिळकांस तो विषय नव्हता; मोठा मनुष्य कसा दिसतो हें त्यांनीं ज्या आरशांत पाहिलें तो आरसा होता.

दीक्षेची हकीकत प्रसिद्ध आहे, ती थोडक्यांत सांगतों. १८९३ च्या सुमारास राजनांदगांवकडे जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांस आगाऊ कळविलें नव्हतें. हा मनुष्य मोठ्या मनाचा होता तसा तापटही होता, आणि रागाच्या भरांत किंवा नव्या कल्पनेच्या भरांत घर सोडून निघून जाण्याची त्यास संवय होती.

हें आपणांस कळतें तें लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’वरून. पुढाऱ्याच्या ठिकाणीं काय वाढलें आणि काय वाढलें नाहीं याचा खरा साक्षीदार बहुधा त्याच्या घरांतच असतो. पण त्या साक्षीदारास क्वचित् लेखणी मिळते. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागांनीं पुस्तकरूप झालीं. म्हणजे टिळकांच्या मृत्यूस तेव्हां पंधरा वर्षें झालीं होतीं. संशोधकानें त्यांतून सनावळ काढूं नये. स्वभावाविषयीं मात्र या ग्रंथासारखें साधन आपल्या भाषेंत थोडें, कारण लेखिका नवऱ्यावर प्रेम करते आणि त्यास सोडीतही नाहीं. हातीं आलेला पैसा वांटून टाकणारे टिळक, घरांत दाणा नसतां पाहुणे आणणारे टिळक, क्षणांत पेटणारे व क्षणांत विरघळणारे टिळक तींत जसे आहेत तसे दिसतात. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें ही बाई नवऱ्यापासून दूर, दुःखानें वेडी होण्याच्या बेतास आली होती. मग ती परत आली, आधीं सोवळें राखून एका घरांत राहिली, पुढें तें सोवळें हळूहळू गळून पडलें, आणि शेवटीं तिनेंही दीक्षा घेतली. तिची ही वाढ नवऱ्याच्या वाढीहून कमी नाहीं. माझ्या मतें कांहीं बाबतींत अधिक आहे, कारण तिला कोणतेंही पद मिळावयाचें नव्हतें.

आतां पदाविषयीं. अमेरिकन मराठी मिशननें अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) १८३१ मध्यें ठाणें दिलें. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या एतद्देशीय गृहस्थांस १८५४ सालीं पाळकदीक्षा मिळाली. त्याच हंगामांत अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानांत आले होते. मंडळ्यांनीं आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा, आपला प्रसार आपण करावा, हें त्यांचें आवडतें तत्त्व. तत्त्व उत्तम होतें, पण गांवोगांवच्या मंडळ्या दरिद्री होत्या. दुष्काळाच्या मुलखांतील महार-मांग शेतमजुरांनीं पाळकाचा पगार कोठून द्यावा? तेव्हां पगार मिशनकडून येत राहिला आणि पाळक-उपदेशक हा गांवकऱ्यांच्या नजरेंत ‘मिशनचा नोकर’ राहिला. तो कितीही सच्चा असो, त्याच्या बोलण्याआधीं त्याचें पगारपत्रक बोले. ही अडचण टिळकांच्या कोणत्याही वैयक्तिक रागलोभाहून जुनी आहे.

टिळकांस पाळकदीक्षा १९०४ मध्यें मिळाली. त्या काळांत त्यांनीं दोन कामें केलीं, तीं पुढच्या घटनेचीं बीजें होत. एक म्हणजे भजन-कीर्तन. इंग्रजी चालींवर बसविलेल्या पदांच्या जागीं त्यांनीं ओवी, अभंग व देशी चाली आणल्या, आणि टाळ-मृदंग ज्यास परका नाहीं अशा श्रोत्यापुढें उपदेशकानें कसें उभें राहावें हें शिकविलें. दुसरें म्हणजे ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य. तें त्यांच्या हातून अपुरें राहिलें; लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें, आणि तें त्यांच्याही मृत्यूनंतर १९३८ सालीं छापलें गेलें. आतां असें पहा कीं, जो मनुष्य वर्षानुवर्षें अभंग रचतो आणि कीर्तनास उभा राहतो, त्यास एक दिवस हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाहीं: ज्याच्या छंदांत मी गातों त्याच्यासारखा मी राहतों काय? पद घेतलें, चाल घेतली, टाळ घेतले. खतें मात्र घरींच आहेत. १९१७ चा संन्यास हें या प्रश्नाचें उत्तर होय.

मी कित्येक वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें, त्यामुळें ‘संन्यास’ हा शब्द वाचतांच धर्मशास्त्राचा विचार मनांत येतो. त्या दृष्टीनें हा संन्यास नव्हेच. विरजाहोम नाहीं, दंड नाहीं, शिखासूत्राचा प्रश्न तर बावीस वर्षांपूर्वींच मिटलेला. गृहस्थाश्रम मोडला नाहीं. पत्नी व मुलें तुटलीं नाहींत. सोडलें तें एकच, ठराविक वेतनावरील हक्क. दशनामी संन्याशाची ही रीति नव्हे. देहूच्या वाण्याची आहे. तुकोबांनींही घर सोडलें नव्हतें. आणि येथेंच टिळकांच्या स्वभावांतील वाढ मोजतां येते. तरुणपणीं हा मनुष्य रागावला म्हणजे माणसें सोडून जात असे. १८९५ मध्यें त्यानें सत्य मानिलें त्यासाठीं पत्नीस सोडिलें. १९१७ मध्यें त्यानें माणसें ठेविलीं आणि कागद सोडिला. तीच सोडण्याची प्रवृत्ति, पण बावीस वर्षांत तिची दिशा बदलली होती.

दरबाराची घटनाही यास जुळणारी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यांत यावे, बंधुत्व हीच त्याची खूण असावी, आणि कोणत्याही परदेशी पंथाची मोहोर त्यावर नसावी, असा टिळकांचा मानस होता. म्हणजे मंडळीच्या नोंदवहींत नांव असणें ही प्रवेशाची अट राहिली नाहीं. पुढाऱ्यानें वेतनाचा कागद सोडला, तसा अनुयायानें नोंदीचा कागद दाखविण्याचें कारण उरलें नाहीं. तत्कालीन मिशनऱ्यांपैकीं पुष्कळांस हें धोक्याचें वाटलें असल्यास नवल नाहीं. नोंदवही ही मंडळीची मर्यादा आहे, आणि मर्यादेवांचून मंडळी म्हणजे जत्रा, हा आक्षेप वाजवी आहे.

पदप्राप्तीनंतर खरी घडण सुरू होते, हें त्या पिढींत एकट्या टिळकांच्याच बाबतींत घडलें असें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पुढें १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, ख्रिस्ती धर्म आपणांस तेव्हां मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. मधल्या काळांत अमेरिकेंत त्यांचें नांव गाजलें होतें, शारदासदन निघालें होतें, देणग्या येत होत्या. म्हणजे जगाच्या दृष्टीनें पुढारीपण आधीं आलें आणि स्वतःच्या दृष्टीनें निष्ठा मागून. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत कोणाजवळ पैसा न मागतां प्रार्थनेवर विसंबण्याची रीति त्यांनीं स्वीकारिली, तिचें बीज या मागून आलेल्या निष्ठेंत आहे.

याहून विलक्षण उदाहरण नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचें, आणि संस्कृतज्ञांस तें विशेष रुचेल. जॉन म्यूर याच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाचें खंडन करण्यासाठीं काशींतील या तरुण चित्पावन पंडितानें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. आणि खंडन करतां करतां ज्याचें खंडन करावयाचें त्याकडेच ओढला जाऊन १८४८ मध्यें त्यानें बाप्तिस्मा घेतला. मग त्यानें ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून आपल्याच पूर्वपक्षाचें खंडन केलें. इतकें झाल्यावर मनास स्वस्थता यावी. पण आली नाहीं. फादर नेहेम्या गोऱ्हे या नांवानें ते अँग्लिकन पाळक झाले, कौलीच्या व्रतस्थ संघांत उमेदवार म्हणून वर्षानुवर्षें राहिले, इंग्लंडास जाऊन आले, आणि तरीही अंतिम व्रतें त्यांनीं घेतलीं नाहींत. शंका आणि श्रद्धा यांचें द्वंद्व त्यांच्या ठिकाणीं अखेरपर्यंत चाललें. रमाबाईंवर त्यांच्या पत्रव्यवहाराचा परिणाम झाला तो या सच्चेपणामुळेंच असावा. गोऱ्हे मुंबईस वारले तें वर्ष १८९५, म्हणजे टिळकांच्या दीक्षेचेंच. एक नैयायिक वृत्तीचा, एक कविवृत्तीचा. एकानें व्रत घेण्यास आयुष्यभर विलंब लाविला, दुसऱ्यानें एका झपाट्यांत घेतलें. गोऱ्ह्यांकडे तुकोबांचा पूल नव्हता. त्यांस प्रमाणांच्या पायऱ्यांनीं उतरून नदी चालत ओलांडावी लागली.

दरबारास आयुष्य फार थोडें मिळालें. साताऱ्यास आरंभ झाल्यापासून दोन वर्षांच्या आंत टिळक गेले आणि दरबार त्यांच्याबरोबर विरला. येथें त्यांची बाजू घेणाऱ्यांनींही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या मनुष्यानें धर्मशिक्षणशाळेंत इतरांचे उपदेशक घडविले, त्यानें दरबारासाठीं आपल्यामागून चालविणारा एकही घडविला नाहीं. तुकोबांस नारायणबोवा मिळाले, टिळकांस तसा कोणी मिळाला नाहीं. आणि तो मिळावा यासाठीं लागणारा वेळ व संथपणा हा त्यांच्या स्वभावांत नव्हता. वेतन सोडल्याचा भारही त्यांनीं एकट्यानें वाहिला नाहीं. चुलीपुढें बसणाऱ्या बाईनें तो वाहिला. तुकोबांच्या घरीं जिजाबाईंनीं वाहिला होता, आणि त्यांस परंपरेनें कजाग ठरविलें. लक्ष्मीबाईंस निदान स्वतःची बाजू लिहितां आली.

टिळकांच्या मागें दुसऱ्या पिढीची व्यवस्था आली ती अनपेक्षित दिशेनें. नगर जिल्ह्यांत काम करणारे अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांच्यावर टिळकांचा खोल परिणाम झाला होता. वर ज्या चरित्रकाराचा उल्लेख केला तो हाच; त्यांचें टिळकचरित्र १९२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आदल्या वर्षीं, १९२२ मध्यें, त्यांनीं ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला: खादी, साधें शाकाहारी जेवण, ठरलेल्या प्रार्थना, आणि देशी-विदेशी बंधूंचा एकत्र निवास. १९२७-२८ च्या सुमारास संघाचा आश्रम पुण्यास शिवाजीनगरांत आला. व्हेरिअर एल्विन प्रथम हिंदुस्थानांत आले ते या संघांतच, १९२७ सालीं. १९३४ मध्यें विन्स्लो परत गेले, संघाचे दोन भाग झाले, तरी ‘ख्रिस्त प्रेम सेवा’ हें नांव आणि आश्रमाची जागा टिकली. टिळकांजवळ उमाळा होता आणि नियम नव्हते. विन्स्लो यांजवळ लेखी नियम होते. एक परदेशी मनुष्य मराठी कवीचा नारायणबोवा झाला, ही गंमत टिळकांस स्वतःस कितपत आवडली असती याची मला शंका आहे.

त्यानंतर पुण्याभोंवतीं धर्मपुढारी घडविण्याच्या संस्था पुष्कळ आल्या. रोमन कॅथलिकांची पोपची सेमिनरी १९५५ मध्यें सिंहलद्वीपांतील कँडीहून पुण्यास आली. प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्यें यवतमाळाहून आली. इकडे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्यें निघाला, त्यामागून इतर आले, १९८२ मध्यें पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि कामगारांबरोबर मराठी, मलयाळी, तमिळ उपासना-मंडळ्याही या पट्ट्यांत वसल्या. पवना-इंद्रायणीच्या मुलखांत धर्मपुढाऱ्याच्या उपजीविकेचा जुना प्रश्न आतां कारखानदारीच्या पगारपत्रकांच्या शेजारीं उभा आहे. पण तो वर्तमानकाळ आहे, आणि आमच्या मंडळाचें काम जुन्या कागदांचें.

त्या कागदांविषयीं एवढेंच सांगावयाचें आहे. चिंचवडच्या सनदांस राखणारे मिळाले, गाथेच्या पोथ्यांस मिळाले. मिशनचीं इतिवृत्तेंही परदेशांत सुरक्षित आहेत. दरबाराचे कागद या तिन्ही प्रकारांत बसत नाहींत. ते असतील तर सातारा, नगर, राहुरी, नाशिक या बाजूंच्या जुन्या ख्रिस्ती घरांत, कीर्तनाच्या आख्यानवह्यांच्या गठ्ठ्यांत, भजनांच्या हस्तलिखित बाडांत, किंवा पेटीच्या तळाशीं अंथरलेल्या ‘ज्ञानोदया’च्या अंकांत. घरें विकून मंडळी कारखान्यांच्या गांवीं येतात तेव्हां पहिल्यानें या पेट्या रद्दींत जातात. अशी वही किंवा असा अंक कोणाच्या दृष्टीस पडल्यास १९१७ ते १९१९ एवढीं वर्षें आधीं चाळावीं, समासांतील हस्ताक्षर जसेंच्या तसें उतरून घ्यावें, आणि पानें उलटतांना जपावें. त्या वर्षांचा छापखानी कागद आतां बोट लागतांच तुटतो.